तीन वर्षे गोळ्या घेऊनही न टिकलेले लोह : सोलापुरातील एका विडी कामगार स्त्रीचे प्रकरण

या नोंदीतील स्त्रीचे वय ३९ वर्षे आणि वजन ४८ किलो आहे. त्या सोलापूरच्या पूर्वभागात राहतात, घरी बसून विड्या वळतात आणि वळलेला माल कारखान्यात जमा करून येतात. त्यांना दोन मुले आहेत आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे. मातृभाषा तेलुगू असली तरी त्यांचे मराठी सोलापुरी वळणाचे आणि अगदी सफाईदार आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील येथे वगळले आहेत. जून महिन्यातील पहिल्या भेटीत त्यांची तक्रार रक्त कमी असल्याची नव्हतीच, कारण ती गोष्ट त्यांनी आणि घरच्यांनी केव्हाच गृहीत धरली होती. पाण्याची घागर घेऊन जिना चढताना मध्येच थांबावे लागते आणि रात्री पायांत वळवळ सुटून झोप लागत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सोबत आलेल्या, बारावीत शिकणाऱ्या मुलीने पिशवीतून तीन वर्षांचे अहवाल काढून तारखेप्रमाणे लावून दिले. त्यांत हिमोग्लोबिनच्या ११ तपासण्या होत्या. सुरुवातीला ८.४ ग्रॅम, गोळ्या सुरू झाल्यावर ९.८, मग ‘आता बरे आहे’ म्हणून गोळ्या बंद. पुढच्या एका शिबिरात ८.१, पुन्हा गोळ्या, १०.२, पुन्हा बंद; आणि आमच्याकडे आल्या त्या आठवड्यातला आकडा ७.६. हे चढउतार एका कागदावर ओळीने मांडले तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. गोळ्या पोटात गेल्या की आकडा चढतो, म्हणजे लोह मिळाले तर अस्थिमज्जा रक्त तयार करू शकते. गोळ्या थांबल्या की आकडा काही महिन्यांत मूळ जागी येतो, म्हणजे एक तर साठा कधी भरलाच गेला नव्हता, किंवा लोह कोठून तरी सतत बाहेर जात होते. या दुसऱ्या शक्यतेचा शोध तीन वर्षांत कोणी घेतलेला दिसत नव्हता, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे पहिल्या फेरीत मीही तो अर्धवटच घेतला.

११ तपासण्यांच्या जोडीला फेरिटिनची तपासणी मात्र एकदाच झालेली होती. तिचा आकडा ४१ नॅनोग्रॅम असा आला होता आणि त्यावर ‘लोह पुरेसे’ असा शेरा होता. फेरिटिन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या लोहाचा अंदाज देणारे प्रथिन. निरोगी प्रौढ स्त्रीत ते १५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास साठा संपला असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन सांगते, आणि व्यवहारात अनेक वैद्य ३० खालीच सावध होतात. परंतु ताप, संसर्ग किंवा शरीरात कोठेही दाह असेल तर हेच प्रथिन साठा रिकामा असतानाही वाढते, म्हणून त्याच मार्गदर्शनात अशा रुग्णांसाठी मर्यादा ७० धरलेली आहे. ती जुनी तपासणी रुग्णाच्या अंगात १०२ ताप असताना झालेली होती, हे मुलीला आठवत होते. म्हणजे ४१ हा आकडा दिलासा देणारा नव्हता, उलट कमतरतेच्या बाजूचाच होता. आमच्याकडे ताप नसताना, दाह दाखवणारी सीआरपी तपासणी सामान्य असताना, फेरिटिन ५ आले.

येथे थोडे विषयांतर आवश्यक वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील भारतातील ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हाच आकडा आधीच्या फेरीत ४८ टक्के होता. इतके प्रमाण असले की रक्तक्षय हा बाईच्या प्रकृतीचा भागच आहे अशी समजूत घरात, शिबिरात आणि दवाखान्यातही रुजते. शिवाय या फेऱ्यांत बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन मोजले गेले. लोह मोजले गेले नाही. लोहाचा साठा संपण्यास सुरुवात होते त्यानंतर बऱ्याच काळाने हिमोग्लोबिन उतरू लागते. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी दिसते तेव्हा आपण गोष्टीच्या शेवटाकडे पाहत असतो.

पहिली विचारपूस

पहिल्या भेटीत मी नेहमीचे प्रश्न विचारले आणि नेहमीची उत्तरे लिहून घेतली. पाळी कशी येते, या प्रश्नावर ‘व्यवस्थित येते, महिन्याच्या महिन्याला’ असे उत्तर मिळाले. कोणती औषधे चालू आहेत, यावर ‘या रक्ताच्या गोळ्याच’. शौचावाटे रक्त जाते का, यावर ‘नाही, काळी होते, पण ती गोळीने होते असे सांगितले आहे’. जेवणात ज्वारीची भाकरी, भात, आमटी, शेंगदाण्याची चटणी, अधूनमधून पालेभाजी, महिन्यातून दोनदा मटण. चहा दिवसातून पाच ते सहा वेळा, पैकी पहिला उठल्याउठल्या, आणि लोहाची गोळी त्याच चहाबरोबर, म्हणजे विसरायला नको.

पाळीविषयीचे उत्तर चुकीचे नव्हते, पण मी विचारले एक आणि त्यांनी ऐकले दुसरे. ‘व्यवस्थित’ म्हणजे वेळेवर. किती जाते, हे मी विचारलेच नव्हते, आणि विचारले असते तरी किती म्हणजे जास्त हे ठरवायला त्यांच्याकडे माप नव्हते, कारण आई, मावशी आणि थोरली बहीण या तिघींचेही तसेच जात असे. ही उणीव आमच्याकडील सिस्टरांनी भरून काढली. त्यांनी तेलुगूतून, पडदा ओढून, चित्रांच्या तक्त्यावर एकेक दिवसाचा हिशेब घेतला: किती घड्या बदलल्या, त्या कितपत भिजलेल्या होत्या, गाठी पडतात का आणि पडल्यास रुपयाच्या नाण्याएवढ्या की त्याहून मोठ्या, रात्री उठावे लागते का. १९९० पासून वापरात असलेल्या या तक्त्यात १०० पेक्षा जास्त गुण म्हणजे दर पाळीला साधारण ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव, असे मानले जाते. सामान्य स्राव ३० ते ४० मिलिलिटरचा असतो. या रुग्णाचे गुण २३० भरले. पाळीच्या दुसऱ्या दिवशी विड्या वळायला बसताना त्या खाली गोणपाट घालून बसत, ही गोष्टही तेव्हाच कळली. कच्चे तांदूळ चघळण्याची सवय मुलीने हसत हसत सांगितली. माती, पाटीवरची पेन्सिल, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे लोहाच्या कमतरतेचे जुने, ओळखीचे लक्षण आहे, आणि पायांतील वळवळीचेही तसेच.

रक्ताच्या तपासण्यांत तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान ६४ फेम्टोलिटर आणि पेशींची संख्या ३९ लाख आली. पेशी लहान दिसल्या की आपल्याकडे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक अवस्थेचा विचार करावाच लागतो, कारण त्या अवस्थेतही पेशी लहान असतात आणि अशी माणसे वर्षानुवर्षे विनाकारण लोह खात राहतात. आकारमानाला दशलक्षांतील पेशीसंख्येने भागले असता थॅलेसेमिया वाहकात उत्तर सहसा १३ च्या खाली येते; येथे ते १६ च्या वर होते. हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी तपासणी सामान्य होती, पण वाहकात वाढणाऱ्या हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण तीव्र लोह कमतरतेत खोटे कमी दिसू शकते, म्हणून लोह भरून आल्यावर ती तपासणी पुन्हा केली आणि तेव्हाही ती सामान्यच निघाली. ब-१२ थोडे कमी होते, ते दिले. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सामान्य. शौचात जंतांची अंडी नव्हती. सोनोग्राफीत गर्भाशय आकाराने वाढलेले आणि त्याच्या आतल्या अस्तराचा भाग स्नायूंच्या थरात शिरल्याची, म्हणजे ॲडेनोमायोसिसची, चिन्हे दिसली.

कारण सापडले, असे मी त्या दिवशी लिहिले. चाळिशीकडे झुकलेली स्त्री, गर्भाशयात दोष, अतिस्राव, फेरिटिन ५, आणि चहाबरोबर घेतलेल्या गोळ्या. चित्र इतके पूर्ण वाटले की आणखी काही शोधावे असे मनात आले नाही.

‘पिशवी काढून टाका’

आमच्याकडे येण्यापूर्वी दोन ठिकाणी त्यांना गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला मिळाला होता आणि घरात तो जवळजवळ मान्य झाला होता. दोन मुले झाली आहेत, शस्त्रक्रियाही झालेली आहे, मग पिशवीचा उपयोग काय, असा युक्तिवाद सासूबाईंनी आमच्यासमोरही केला. शेजारच्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आला होता. पाळी म्हणजे कामाचा खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरीत कपात, ही त्यामागची अडचण दर हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईलाही परकी नाही. ही शस्त्रक्रिया काही स्त्रियांना खरोखरच लागते, हे मान्य करून मी असे सुचवले की आधी लोह भरावे, पाळीचा स्राव औषधाने कमी करावा आणि वर्षभराने पुन्हा विचार करावा. रुग्णाला ते पटले. सासूबाईंना पटले की नाही हे मला कधीच कळले नाही. पुढे जे निघाले ते पाहता, तेव्हा पिशवी काढली असती तर लोह त्यानंतरही घसरत राहिले असते, आणि पाळीच नसल्यामुळे त्याचा दोष कोणाच्या ना कोणाच्या खाण्यापिण्यावर गेला असता.

जुलैमध्ये शिरेतून लोह दिले. वजन आणि हिमोग्लोबिन यांवरून काढलेली गरज सुमारे ११०० मिलिग्रॅम होती. एका आठवड्याच्या अंतराने ५०० मिलिग्रॅमच्या दोन मात्रा दिल्या. ऑगस्टमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांनी संप्रेरक सोडणारे साधन गर्भाशयात बसवले. आपल्याकडे बायका अशा साधनांना सरसकट तांबी म्हणतात, पण या दोहोंतील फरक लोहाच्या दृष्टीने मोठा आहे: तांब्याच्या तांबीने पाळीचा स्राव वाढू शकतो, तर संप्रेरकाच्या साधनाने तो बहुतेक स्त्रियांत काही महिन्यांत फार कमी होतो. सप्टेंबरच्या शेवटी हिमोग्लोबिन १२.१ आणि फेरिटिन ६४ आले. पायांतील वळवळ थांबली होती, घागर एका दमात वर जात होती, आणि डिसेंबरच्या तक्त्यावर पाळीचे गुण २५ च्या खाली आले होते. मार्चमध्ये पुन्हा तपासायचे ठरले.

मार्चमधला हिशेब

मार्चमध्ये हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन ९ आले. प्रयोगशाळेची चूक असावी म्हणून दुसरीकडे नमुना पाठवला, आकडे तेच. या वेळी मी जूनमध्ये करायला हवे होते ते काम केले आणि जमाखर्च कागदावर मांडला.

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. ४८ किलो वजनाच्या स्त्रीत साधारण ३.१ लिटर रक्त धरले, तर हिमोग्लोबिन १२.१ वरून १०.४ वर येणे म्हणजे जवळजवळ १८० मिलिग्रॅम लोह कमी होणे. फेरिटिनच्या प्रत्येक नॅनोग्रॅममागे साठ्यात अंदाजे ८ मिलिग्रॅम लोह असते. ६४ वरून ९ म्हणजे आणखी सुमारे ४४० मिलिग्रॅम. सहा महिन्यांत एकूण ६२० मिलिग्रॅमची तूट झाली. खर्चाच्या बाजूला पाळी मांडली. साधन बसवल्यानंतरचे पहिले तीन महिने थोडाफार स्राव होता, पण सगळा मिळून ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह त्यात गेले नसणार. त्वचा, आतड्याचे अस्तर आणि घाम यांतून रोज ०.८ ते १ मिलिग्रॅम लोह जातेच, पण जेवणातून शोषले जाणारे लोहही साधारण तेवढेच असते, म्हणून त्या दोन रकमा एकमेकींत वळत्या झाल्या. उरली सुमारे ५६० मिलिग्रॅमची तूट, म्हणजे दिवसाला ३ मिलिग्रॅमहून थोडी जास्त. त्या काळातल्या तिच्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ०.३८ मिलिग्रॅम लोह होते. म्हणजे रोज ८ मिलिलिटर, दीड चमचा रक्त, पाळीव्यतिरिक्त कोठून तरी जात होते.

हे सगळे आकडे ढोबळ आहेत आणि त्यांत थोडीफार चूक असणारच. पण आहार कमी पडतो, चहा जास्त होतो, शोषण नीट होत नाही, अशी कोणतीही सबब एवढी मोठी तूट भरून काढू शकत नव्हती. शोषण अगदी शून्य झाले असते तरी दिवसाला एक मिलिग्रॅमच्या आसपास घट झाली असती. तीन मिलिग्रॅम जातात तेव्हा रक्त जात असते. आणि दीड चमचा रक्त पचनमार्गातून गेले तर ते डोळ्यांना दिसत नाही. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट होण्यासाठी वरच्या पचनमार्गात साधारण ५० मिलिलिटर तरी रक्त यावे लागते. आधीच्या तीन वर्षांत शौचाचा रंग काळा होता खरा, पण तो लोहाच्या गोळ्यांनीही होतो, त्यामुळे त्या रंगातून काहीच ठरवता आले नसते.

‘कामाची गोळी’

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना पुन्हा बसवून घेतले आणि औषधांचा प्रश्न या खेपेस निराळ्या शब्दांत विचारला. ‘अक्का, दिवसभर विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसता. मान, पाठ दुखत असेल. दुखले की काय करता?’

‘गोळी घेते की डॉक्टर. दुपारी एक, रात्री एक.’

‘जूनमध्ये विचारले तेव्हा दुसरे औषध नाही म्हणाला होता.’

‘ती काय औषध आहे का? ती तर कामाची गोळी. आमच्या गल्लीत सगळ्याच घेतात.’

दुकानातून मिळणाऱ्या त्या पट्टीत डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल यांचे मिश्रण होते. चार वर्षांपासून दिवसाला दोन गोळ्या, दुपारची बहुधा रिकाम्या पोटी, कारण माल पुरा झाल्याशिवाय जेवायला उठायचे नाही असा शिरस्ता. पोटात जळजळ सुरू झाली तेव्हा दुकानदाराने तिच्यासोबत आम्लता कमी करणारी कॅप्सूल दिली, तीही तेव्हापासून रोज. हिमोग्लोबिनचा पहिला खालावलेला आकडा साडेतीन वर्षांपूर्वीचा होता.

या दोन गोळ्यांची जोडी लोहाच्या बाबतीत विशेष वाईट आहे. वेदनाशामक गोळी जठराच्या अस्तराचे संरक्षण करणारी द्रव्ये कमी करते आणि तेथे ओरखडे व व्रण होतात. लहान आतड्यातही तसेच होते, पण ते साध्या दुर्बिणीत दिसत नाही. आम्लता कमी करणारी कॅप्सूल जठराला काही प्रमाणात जपते, पण मुख्य म्हणजे जळजळ थांबवते, आणि जळजळ थांबली की तक्रार घेऊन येणारे कोणी उरत नाही. शिवाय वनस्पतिजन्य अन्नातील आणि गोळीतील लोह विरघळण्यासाठी जठरातील आम्ल लागते. ते दीर्घकाळ दाबले की शोषण घटते. एकीकडून गळती आणि दुसरीकडून आवक बंद, आणि दोन्हींचा आवाज नाही.

गोळी सापडली म्हणून शोध थांबवायचा नाही, एवढे मात्र मी पाळीच्या प्रकरणातून शिकलो होतो. शौचातील सूक्ष्म रक्ताची तपासणी मी केली नाही, कारण ती नकारार्थी आली असती तरी दुर्बिणीने पाहणे टळले नसते. जठराच्या दुर्बीण तपासणीत खालच्या भागात अनेक ओरखडे आणि दोन लहान व्रण दिसले. तेथील तुकड्याच्या तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आढळला. हा जिवाणू आपल्याकडे अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेकांना त्रास देत नाही, पण तो आणि वेदनाशामक गोळी एकत्र आले की व्रणाचा धोका वाढतो, आणि त्याच्यामुळे होणाऱ्या जठरदाहाने लोहाचे शोषणही मंदावते. लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेऊन गव्हातील प्रथिनाने होणारा सिलिॲक आजार नाही याची खात्री केली. मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करताना घरच्यांनी कुरकुर केली. चाळिशीच्या बाईला याची काय गरज, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, पण आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ अनेकदा केवळ लोह कमी करूनच आपले अस्तित्व दाखवते आणि ती शक्यता मनात ठेवून वर्ष घालवणे मला मान्य नव्हते. त्या तपासणीत आतल्या लहान मूळव्याधीखेरीज काही निघाले नाही.

उपचार आणि जेवणातले लोह

जिवाणूवर चौदा दिवसांचे उपचार केले आणि तो गेल्याची खात्री नंतर शौचाच्या तपासणीने करून घेतली. व्रण भरेपर्यंत आम्लता कमी करणारे औषध आठ आठवडे द्यावेच लागले. त्या काळात तोंडाने दिलेले लोह नीट शोषले जाणार नाही म्हणून मेमध्ये शिरेतून ५०० मिलिग्रॅमची एक मात्रा दिली आणि जुलैपासून, ते औषध थांबल्यावर, गोळी सुरू केली.

गोळी देण्याच्या पद्धतीत बदल केला. पूर्वी त्या रोज एक, आणि आकडा फार खाली गेला की दोन, अशा घेत असत. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते आणि पुढचे सुमारे २४ तास आतडे लोह आत घेण्यास कचरते. म्हणून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुरिचमधील अभ्यासात, लोह कमी असलेल्या स्त्रियांनी एक दिवसाआड गोळी घेतली तेव्हा प्रत्येक मात्रेतून शोषलेल्या लोहाचे प्रमाण वाढले. आमच्या रुग्णाच्या बाबतीत याचा आणखी एक लाभ झाला, तो म्हणजे बद्धकोष्ठ कमी झाले आणि गोळी सोडण्याचे निमित्त उरले नाही. गोळीची वेळ पहाटेच्या चहावरून हलवून रात्री झोपण्यापूर्वी, लिंबाच्या पाण्यासोबत ठेवली. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही साठा भरेपर्यंत निदान तीन महिने गोळी चालू ठेवायची, हे मुलीने कॅलेंडरवर खुणा करून पाळले.

आहाराबद्दल घरात फार अपेक्षा होत्या आणि त्यांपैकी काही मला मोडाव्या लागल्या. रक्त वाढावे म्हणून त्यांना रोज डाळिंब आणि बीट दिले जात होते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते फळ उत्तमच आहे, पण त्यात लोह अगदी अल्प असते. लाल रंग हा लोहाचा नव्हे. ज्याला कोणी औषध समजत नाही त्या ज्वारीत मात्र १०० ग्रॅममागे सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. अडचण अशी की ज्वारीतील फायटेट त्यातले बरेचसे लोह धरून ठेवते आणि जेवणानंतरच्या चहातील टॅनिन उरलेले अडवते. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटते. म्हणून ताट न बदलता ताटाच्या कडेच्या गोष्टी बदलल्या: भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा कच्चा टोमॅटो, मोड आलेली मटकी, हरभरे, चहा जेवणानंतर तास-दीड तासाने, आणि आमटीसाठी माळ्यावर पडलेली लोखंडी कढई. सहा चहांचे तीन झाले असे त्या सांगतात. मुलगी म्हणते, चार.

सर्वांत अवघड भाग दुखण्याचा होता. ‘ती गोळी बंद’ असे म्हणून मानेचे दुखणे थांबत नाही, आणि दिवसाला हजार विड्या वळल्याशिवाय हप्ता भरत नाही. लागेल तेव्हा फक्त पॅरासिटामॉल, सूप मांडीऐवजी पाटावर उंच ठेवणे, पाठ भिंतीला टेकवणे, आणि दर शंभर विड्यांमागे उठून चार पावले चालणे, असे ठरले. शंभरामागे उठणे त्यांना जमले नाही. अडीचशेमागे उठतात.

नोव्हेंबरमध्ये हिमोग्लोबिन १२.८ आणि फेरिटिन ४६ आले, तेव्हा गोळ्या थांबवल्या. फेब्रुवारीत, कोणतेही लोह न देता, आकडे १२.९ आणि ४४ होते. आधीच्या गतीने रक्त जात राहिले असते तर या तीन महिन्यांत अडीचशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह गेले असते आणि फेरिटिन पुन्हा १५ च्या खाली आले असते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात पाहुणे आणि काम दोन्ही वाढले तेव्हा ‘कामाची गोळी’ तीन-चार वेळा घेतली, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. गर्भाशय काढण्याचा विषय घरात आता निघत नाही. पुढील तपासणी ऑगस्टमध्ये आहे. तिच्यासोबत मुलीचेही फेरिटिन तपासायचे आहे, कारण अलीकडे तीही कच्चे तांदूळ खाऊ लागली आहे, आणि शिबिरात तिचे हिमोग्लोबिन १२.२ निघाल्यामुळे ‘रक्त चांगले आहे’ असे सांगून तिला परत पाठवलेले आहे.